रोबोआधी सीटी स्कॅन

फुप्फुसातली कॅन्सरची गाठ रोबोने काढली आणि रुग्ण चार दिवसांत घरी गेला, अशा बातम्यांचे आता अप्रूप उरलेले नाही. रोबो स्वतःहून काही कापत नाही; कन्सोलवर बसलेल्या सर्जनच्या हाताबरहुकूम, फासळ्यांमधल्या छिद्रांतून आत गेलेली अवजारे मनगटासारखी वळतात. छाती उघडावी लागत नाही हा फायदा मोठाच, पण तो मुळात दुर्बिणीचा. ब्रिटनमधल्या 503 रुग्णांच्या ‘व्हायोलेट’ चाचणीत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण छाती उघडलेल्यांपेक्षा लवकर सावरले. शांघायच्या रुईजिन रुग्णालयाने 320 रुग्णांमध्ये दुर्बीण आणि रोबो यांची तुलना केली, तेव्हा रोबोने लसीका ग्रंथी थोड्या जास्त निघाल्या, गुंतागुंत सारखीच राहिली आणि खर्च वाढला.

ही तुलनासुद्धा गाठ वेळेत सापडली तरच कामाची. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतच्याच गाठी होत्या. फुप्फुसाचा अख्खा खंड काढलेला असो की त्यातला एक भाग, पाच वर्षांनी दोन्ही गटांत 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते. आपल्याकडे बहुतेक रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात पोचतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळच टळलेली असते. वाट कुठे चुकते तेही ठाऊक आहे. वरळी कोळीवाड्यातला किंवा बीडीडी चाळीतला माणूस महिनाभर खोकतो, एक्स-रेत डाग दिसतो, आणि शिवडीला एवढे मोठे टीबी रुग्णालय चालवणाऱ्या शहरात डाग म्हणजे टीबी हे जणू आधीच ठरलेले असते. थुंकीत जंतू नसले तरी गोळ्या सुरू होतात. महिने त्यातच जातात.

टीबीमुळेच रोबो हवा, असा उलट युक्तिवाद होतो: जुन्या टीबीने फुप्फुस छातीला चिकटते, तिथे वळणारी अवजारे उपयोगी पडतात. मुद्दा रास्त आहे. एखाद्या मोठ्या केंद्रात रोबो असावाच. गुरुग्रामच्या ‘एसएसआय मंत्रा’सारख्या देशी यंत्रांनी किंमतही उतरू शकेल. गाठ लवकर सापडावी म्हणून सरसकट सगळ्यांचे सीटी स्कॅन करा, असेही म्हणणे नाही. अमेरिकेत अतिधूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले खरे, पण इथे टीबीचे जुने व्रण गाठीसारखे दिसून नाहक बायोप्सी होतील. थुंकी निगेटिव्ह आणि औषधांना दाद नाही, अशा रुग्णाला पालिकेच्या दवाखान्यातूनच केईएम किंवा नायरच्या सीटीची तारीख आठवड्याभरात मिळावी, एवढेच मागणे आहे. यंत्रांवर ताण येईल. म्हणून सरकारी पैशातून पुढचा रोबो घेण्याआधी, त्याची देखभाल आणि ठरावीक वापरांनंतर टाकून द्यावी लागणारी अवजारे यांचा हिशेब मांडून ती रक्कम आधी सीटी आणि रेडिओलॉजिस्टांवर खर्च करावी.