पॉवर कमी पडते म्हणे!

"गाडी बाकी चांगली आहे हो, पण पॉवर कमी पडते."

मंडळी, हे वाक्य गेल्या आठ-दहा वर्षांत मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता समोरच्याने "गाडी बाकी..." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. ज्या गाडीच्या वाट्याला ते सगळ्यात जास्त आलं ती म्हणजे रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन. २०१६ साली आली, २०२३ च्या नोव्हेंबरात तिची जागा ४५२ सीसीच्या नव्या हिमालयनने घेतली. जुनी गाडी गेली, पण वाक्य काही गेलं नाही. आता ते जुन्या गाड्यांच्या बाजारात ऐकू येतं. आणि खरी गंमत पुढेच आहे. नवीन हिमालयनची ताकद ४० पीएस, म्हणजे जुनीपेक्षा जवळपास दोन तृतीयांश जास्त. तर तिच्याबद्दलही लोक तेच म्हणायला लागलेत! का, तर केटीएमची नवी ३९० अॅडव्हेंचर ४६ देते. म्हणजे कमी नेमकं काय पडतंय, घोडे की समाधान, असा प्रश्न मला पडतो.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. आमचा एक पुतण्या (वहिनी, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे) नुकताच नोकरीला लागला. त्याला डोंगर-दऱ्या फिरायच्यात, माहूर, सहस्रकुंड आणि पुढे कधीतरी लडाख. त्याला एक नीट राखलेली ४११ मिळत होती, खिशातल्या पैशात. पण मित्रांनी आणि एका शोरूमवाल्याने मिळून त्याच्या डोक्यात भरवलं की चोवीस बीएचपीत टूरिंग होत नाही. आता साहेब चार वर्षांच्या हप्त्यावर दुसरी गाडी घ्यायला निघालेत. "काका, चोवीसमध्ये काय व्हतंय? लई मार खाते गाडी." पहिल्या पगारापासून हप्ता! बापाचं कोरडवाहू रान, सोयाबीनचा भाव असा, आणि हा म्हणे पॉवर कमी पडते. तर हा माझा त्याला आणि त्याच्या सल्लागारांना जाहीर जबाब.

आधी आकडे बघू. ४११ ची ताकद साधारण २४ अश्वशक्ती (लातूरचं पासिंग एमएच-२४, गाडीही २४ ची, योगायोग बघा!). टॉर्क ३२ न्यूटन मीटर, आणि तो मिळतो चार-साडेचार हजार फेऱ्यांवर. टॉर्क म्हणजे चाकाला मिळणारी ढकल, आणि पॉवर म्हणजे ती ढकल किती झपाट्याने मिळते त्याचं माप. ३२ चा टॉर्क सव्वाचार हजार फेऱ्यांना गुणला की १९ अश्वशक्ती येतात. म्हणजे इंजिन अजून ओरडायला लागलेलंही नसतं आणि चोवीसातले एकोणीस घोडे हजर असतात. याउलट जुन्या ३९० अॅडव्हेंचरचा ३७ चा टॉर्क सात हजार फेऱ्यांवर आणि तिची साडेत्रेचाळीस पीएस नऊ हजारांवर. कागदावरचा मोठा आकडा हवा असेल तर गाडी तेवढी पिळावी लागते. रोजच्या चालवण्यात नऊ हजारांवर कोण आणि किती वेळ असतं हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आता लागतात किती ते बघा. दोन माणसं, मागे बॅगा आणि ताठ बसून चालवायची गाडी धरून मी ढोबळ हिशोब केला. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला इंजिनाकडून नऊ-दहा अश्वशक्ती लागतात. १०० ला पंधरा-सोळा. १२० ला मात्र चोवीस-पंचवीस. वेग दीडपट झाला तर गरज अडीचपट झाली, कारण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ४११ ची मर्यादा शंभराच्या पुढे सुरू होते. शंभरापर्यंत ती पुरून उरते.

बरं, शंभराच्या पुढे जायचंय कुठे? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला कमाल ८० ची मुभा आहे, इतर रस्त्यांवर ६०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, समृद्धीवरही नाही. नांदेड ते लातूर रस्ता घ्या. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत जवळपास १४० किलोमीटर. रस्ता आता झकास झालाय, कबूल. पण ८० ऐवजी सगळा वेळ १०० ने गेलात (जाता येत नाही, पण समजा गेलात) तरी वाचतात वीस मिनिटं. म्हणजे शिरूर ताजबंदचा एक चहा आणि थोड्या गप्पा. एवढ्यासाठी चार वर्षांचे हप्ते?

आणि चौपदरी सोडून आत शिरलं की पॉवरचा विषयच संपतो. कंधार-मुखेडकडचे रस्ते, किनवट-माहूरकडचं जंगल, दत्तशिखराची चढण. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने वळणं घ्यायची असतात आणि मध्येच एखादी जीप अंगावर येते. तिथे पाहिजे ते खालच्या फेऱ्यांवर न अडखळणारं इंजिन. पाणंदीचं तर विचारूच नका. आपली काळी माती पावसात कशी होते हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. चिखल मडगार्डात गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं, मग काडी घेऊन उकरत बसायचं. तिथे चोवीस घोडे असोत नाहीतर एकशे चोवीस, जागच्या जागी खड्डा खणण्यापलीकडे ते काही करत नाहीत. तिथे उपयोगी पडते हलकी गाडी. ४११ शेवटी १९९ किलोंपर्यंत गेली होती आणि ती चिखलातून ओढताना कंबर बोलते. तक्रार करायचीच तर वजनाची करा की! हिरोची एक्सपल्स २०० फक्त १८ घोड्यांची, पण वजन दीडशेच्या आसपास. पाणंदीत ती ४११ च्या पुढे निघून जाते, ते काय पॉवरवर?

आता विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे, जे मला मान्य करावे लागतात.

पहिला, ओव्हरटेकिंग. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रेडियम. मागे बायको आणि सामान असताना ६० वरून ८५ ला चटकन जावं लागतं. तिथे चाळीस घोडे असतील तर काम लवकर होतं, यात वाद नाही. पण ४११ मध्येही होतं, एक गिअर खाली टाकला की. आमच्याकडे पाचव्यात पीळ पीळ पिळायचं आणि मग म्हणायचं पिकअप नाही. गिअरचा लिव्हर बूट घासायला दिलेला नाही राव! आणि माझं निरीक्षण असं की जास्त पॉवरवाला कमी धोका घेत नाही. जी फट चोवीसवाला सोडून देतो ती चाळीसवाला घेतो. दोघांचाही अंदाज चुकू शकतो, एकाचा जास्त वेगात चुकतो. ८० पेक्षा १२० ला गाडीतली गतिज ऊर्जा सव्वादोनपट असते आणि ती सगळी ब्रेकने जिरवायची असते. मध्येच रोही आडवा आला तर घोडे काय कामाचे? ४११ चे ब्रेक मला नेहमीच मऊ वाटले. पण "ब्रेक कमी पडतो" म्हणणारा अजून भेटायचाय.

दुसरा मुद्दा लडाखचा. पाच हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की साध्या इंजिनाची ताकद निम्म्याच्या आसपास येते. खारदुंग-लावर चोवीसातले तेरा-चौदाच उरतात. चाळीस असतील तर तेवीस उरतील. फरक आहेच. पण त्या रस्त्यावर जायचं असतं वीस-तीसच्या वेगाने, दगड आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातून. तेरा-चौदा पुरतात. कमी पडतो तो आपला श्वास.

जो माणूस महिन्यातून दोनदा नांदेडहून हैदराबादला किंवा पुण्याला दोघं आणि तीन पेट्या घेऊन जातो आणि मोकळ्या पट्ट्यात शंभराच्या वर राहू पाहतो, त्याला चोवीस खरंच कमी आहेत. वेगमर्यादेचं त्याने आणि आरटीओने बघून घ्यावं, पण त्याने मोठी गाडी घ्यावी. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण आहे त्याची गरज सगळ्यांच्या गळ्यात मारणाऱ्यांशी.

कारण "पुरेशी" हा शब्द दर पाच वर्षांनी वर सरकवला जातो. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली, जिला सगळ्या अॅडव्हेंचर गाड्यांची आजी म्हणतात. तिची ताकद होती ५० अश्वशक्ती, आणि तिच्याच घराण्यातल्या गाडीने १९८१ ची पॅरिस-डाकार जिंकली. आज त्याच घराण्यातली १३०० जीएस १४५ ची आहे. जगातले वाळवंट काय तीनपट मोठे झाले? टेड सायमन १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं ५०० सीसीच्या ट्रायम्फवर पंचेचाळीस देश फिरला, आपल्या देशातूनही गेला. आणि १९५२ साली चे गव्हेरा मित्राबरोबर ज्या नॉर्टनवर निघाला तिचं नाव होतं 'ला पोदेरोसा', म्हणजे चक्क 'ताकदवान'. ती चिलीत कायमची बसली आणि पुढचा सगळा प्रवास पायी आणि मिळेल त्या वाहनाने झाला. प्रवास काही थांबला नाही.

लांब कशाला? मारुती ८०० आठवा. साधारण ३७ अश्वशक्ती. साडेसहाशे किलोची गाडी, वर चार माणसं आणि डिक्कीत लाडू-चिवड्याचे डबे, म्हणजे टनामागे फार तर चाळीस घोडे. त्यात बसून अर्धा मराठवाडा तिरुपतीला जाऊन आला. दोन माणसं आणि सामान लादलेल्या ४११ ला टनामागे पासष्ट पडतात. मारुतीत बसून "पॉवर कमी पडते" असं कुणाच्या वडिलांनी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. आणि गावोगाव सात-आठ घोड्यांच्या हिरो होंडावर पुढे पोरगं, मागे मंडळी आणि मध्ये बियाण्याची बॅग घेऊन लोक आजही बालाघाटाचे चढ चढतायत. त्यांना आपण प्रवासी म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

मग हे कमी पडणं येतं कुठून? विकणाऱ्याला आकडा सोपा पडतो. सस्पेन्शन कसं आहे, आठ तास बसल्यावर सीट टोचते का, पंक्चर निघालं तर लोह्याला चाक खोलता येईल का, हे पोस्टरवर छापता येत नाही. ४० छापता येतं. मित्रांत बसल्यावरही तेच सांगता येतं. त्यात २०२५ च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीच्या वरच्या गाडीला जीएसटी ४० टक्के आणि खालच्या गाडीला १८ टक्के. म्हणजे जास्त घोड्यांच्या हौसेवर सरकारचाही वाटा वाढला.

अजून एक. युरोपात अठरा वर्षांच्या पोराला ए-२ परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी मिळते, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती, आणि त्याआधी धाकट्या परवान्याला फक्त पंधराच्या आसपास. आपल्याकडे स्प्लेंडरवरून उतरलेला पोरगा त्याच परवान्यावर उद्या सेहेचाळीसवर बसू शकतो, दोनशेवरही. कायदा अडवत नाही, शोरूम अडवत नाही. मग अडवायचं कुणी? घरच्यांनी. आणि घरच्यांनी अडवलं की ते जुनाट.

तर जुनाट काकाचा सल्ला असा आहे. हप्त्याच्या पैशातून चांगले टायर घे, ब्रेक पॅड बदल, एक नीट हेल्मेट आणि जॅकेट घे. उरलेल्यात पेट्रोल टाक, १५ लिटरची टाकी आहे, दिवसभराची चिंता नाही. पावसाळा सरता सरता सहस्रकुंड बघ, मग माहूर, मग हिवाळ्यात खरोशाच्या लेण्या आणि औशाचा किल्ला. एक वर्ष असं फिर. वर्षानंतर एखाद्या चढावर, भरल्या गाडीत, योग्य गिअरमध्ये ती खरंच कमी पडली तर तो चढ कोणता ते मला सांग. मोठ्या गाडीचं डाउन पेमेंट मी भरतो. वहिनी, लिहून ठेवा. :)

बाकी ज्यांनी गाडी दोनशे किलोमीटरही फिरवलेली नाही आणि तरी ज्यांना पॉवर कमी पडते, त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही. त्यांना ती कुठल्याही गाडीत कमीच पडणार.