दवाखान्याचा कारभारी कसा असावा?

दवाखान्यात जाताना आपण विचारतो, डॉक्टर कोण, फी किती. तो दवाखाना चालवतं कोण, हे कुणी विचारत नाही. पण गरिबाला दारातून परत पाठवलं जाईल की नाही, औषध वेळेवर मिळेल की नाही, हे कारभाऱ्यावरच ठरतं. आज आपली मुलं-मुली डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट होत आहेत. उद्या त्यांतलेच काही कारभारी होतील. मोहल्ल्यातल्या ट्रस्टच्या दवाखान्याला प्रमुख निवडायची वेळही आपल्यावर येते. तेव्हा पाहायचं काय?

पहिली गोष्ट, ऐकून घेण्याची सवय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. भाग दुष्काळी. लोकांची पहिली गरज होती अन्न आणि पाणी. या पती-पत्नीनं ती ओळखून पाण्याचं कामही हाती घेतलं. शिकलेल्या नर्सना खेड्यात राहणं जमेना, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, दलित घरांतल्या. बाळंतपण कसं सांभाळावं, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं, हे त्या घरोघरी सांगू लागल्या. ज्यांना गाव मोजतच नव्हतं, त्यांच्यावर या डॉक्टरांनी भरवसा टाकला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट, हिशेब. नुसत्या दयेवर दवाखाना चालत नाही. डॉ. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी मदुराईला ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांची ऑपरेशनं करायची, अशी त्यांनी घडी बसवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवायची परदेशी लेन्स गरिबाला परवडेना, म्हणून १९९२ मध्ये ती इथंच बनवायला सुरुवात झाली. खिदमतीला हिशेबाची जोड मिळाली, म्हणून काम वाढलं.

तिसरी गोष्ट, दुसऱ्यांना तयार करणं. जामखेडला गावच्या बायका, मदुराईला खेड्यातल्या मुली शिकून उभ्या राहिल्या. सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवणारा कारभारी कितीही हुशार असो, तो गेला की कुलूप लागतं.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा देणगी किती दिली, खानदान कोणतं, भाषण कसं करतो, यावर खुर्ची दिली जाते. देणगीदाराची इज्जत जरूर करावी, पण रुग्णाचा जीव ही अमानत आहे. ती सांभाळणारा वेगळ्या कसोटीवर निवडावा.

पुढच्या बैठकीत उमेदवाराला तीनच प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात सफाई कामगाराशी बसून बोललात का? दवाखान्याचा जमाखर्च भिंतीवर लावाल का? तुमच्यानंतर हे काम कोण सांभाळेल, त्याला आजपासून काय शिकवाल? उत्तर देताना तो चिडला, तर निवड सोपी झाली असं समजा.