वायफायच्या रांगेत पुढे कोण?

मगरिबनंतरचा वेळ म्हणजे आमच्या कल्याणातल्या बहुतेक घरांत वायफायच्या भांडणाचा वेळ. मुलगा ओरडतो, "अम्मी, गेम अटकतोय!" त्याच सुमारास कुवेतहून अब्बांचा व्हिडिओ कॉल येतो, चेहरा थिजतो, आवाज तुटतो. मग दोष गेमवर जातो, मुलाला बोलणी बसतात आणि शेवटी केबलवाल्याला सांगून जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला जातो. महिन्याचे पैसे वाढतात, अटकणे मात्र तसेच राहते. पालकसभेत हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी: एका सेकंदात किती माल जातो ते. पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा वेळ. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ऑनलाइन गेमला रुंदी फारशी लागत नाही. तासाभराच्या खेळाला साधारण ५० ते १५० एमबी पुरतात, म्हणजे एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. उलट एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत ओढतो. पण सिनेमा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्याला अर्धा सेकंद उशीर झाला तरी कळत नाही. गेमला मात्र कळतो. पिंग ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर खेळ सुरळीत चालतो, १००च्या पुढे गेला की बोट आणि पडदा यांची चुकामूक सुरू होते. पिंग सतत खालीवर होत असेल तर त्रास आणखी वाढतो. व्हिडिओ कॉलची गोष्टही अशीच आहे. त्याला लागतात एक-दोन एमबीपीएस, पण लागतात वेळेवर.

आता हा उशीर येतो कुठून ते पाहू. मोठमोठी डेटा सेंटर्स आपल्या शेजारीच आहेत, ऐरोली आणि महापे इथे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. कल्याण ते ऐरोली आणि परत, असे ५० किलोमीटर धरले तर प्रवासाला पाव मिलिसेकंद लागतो. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन सुमारे ८,००० किलोमीटर होतात, म्हणजे किमान ४० मिलिसेकंद. तो खर्च टळत नाही, म्हणून गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर मुंबई निवडावे. पण संध्याकाळी पिंग ३००-४०० होतो, त्याचा हिशेब अंतराने लागत नाही. तो वेळ रस्त्यात जात नाही, रांगेत जातो. आणि ती रांग बहुतेक वेळा आपल्याच घराच्या दारात लागलेली असते.

कल्याणकरांना हे समजावायला पत्री पुलाचे नाव पुरेसे आहे. जुना पूल धोकादायक झाल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे सगळा भार शेजारच्या पुलावर होता. शीळ रस्ता पुढे कितीही रुंद असो, गाड्या अडायच्या त्या पुलाच्या तोंडाशी. ट्रक, रिक्षा, शाळेची बस आणि रुग्णवाहिका एकाच रांगेत उभ्या असायच्या. पुढचा रस्ता आणखी रुंद केला असता तरी रुग्णवाहिकेला उपयोग नव्हता.

घरातला अरुंद पूल बहुधा अपलोडचा असतो. समजा अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे. ताईचा फोन वायफायवर आला आणि त्याने लग्नातले सगळे फोटो-व्हिडिओ बॅकअपला पाठवायला सुरुवात केली. मॉडेमच्या रांगेत अर्धा एमबी माल साचला. अर्धा एमबी म्हणजे ४ मेगाबिट. १० च्या वेगाने ते निघून जायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात. आता मुलाने गेममध्ये बटण दाबले की त्याचा एवढासा निरोप या सगळ्या मालाच्या मागे उभा राहतो. अब्बांना जाणारा आपला आवाजही तिथेच उभा राहतो.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. यंत्रांत साठवणीची जागा गरजेपेक्षा मोठी ठेवली, म्हणून माल टाकून दिला जात नाही, तो नुसता ताटकळतो. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या इंटरनेटवर याचा माग काढला. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी अशी रांग आटोक्यात ठेवण्याची 'कोडेल' ही पद्धत मांडली. आज अनेक राउटरमध्ये तिचेच सुधारलेले रूप वापरले जाते.

आपल्या घरात हाच रोग आहे का, ते पाच मिनिटांत तपासता येते. घरातले सगळे शांत असताना फोनवर फास्ट डॉट कॉम उघडा आणि अधिक माहितीचे बटण दाबा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात: एक रिकाम्या रस्त्याचा, दुसरा भरलेल्या रस्त्याचा. पहिला १० आणि दुसरा ३० असेल तर काळजीचे कारण नाही. पहिला १० आणि दुसरा ३०० असेल तर रांग घरात आहे आणि इलाज आपल्या हातात आहे. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

इलाजाची पहिली पायरी हवेतली आहे. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच. आपल्या इमारतींत भिंतीला भिंत लागून, प्रत्येक घरात एक राउटर. त्या गोंगाटात कसलाही अग्रक्रम फार चालत नाही. म्हणून खेळण्याचे यंत्र शक्यतो वायरने जोडा, नाहीतर ५ गीगाहर्ट्झवर ठेवा. हा पट्टा भिंतींपलीकडे कमी पोहोचतो, त्यामुळे राउटर टीव्हीमागे किंवा चपलांच्या कपाटात न ठेवता मोकळ्यावर, उंचावर ठेवा.

दुसरी पायरी राउटरच्या आतली. राउटरखालच्या चिठ्ठीवर पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. तो ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मग 'क्यूओएस' शोधा. काही राउटरमध्ये त्यालाच 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'ट्रॅफिक प्रायॉरिटी' म्हणतात. उर्दूत आपण जिला तरजीह म्हणतो, तीच ही.

तिथे डाउनलोड आणि अपलोडचा वेग विचारला जातो. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा तिथे टाकू नका. रात्री नऊच्या गर्दीत वेग मोजा आणि त्याच्या ९० टक्के आकडा टाका. मोजणीत ९० आणि ४० आले तर ८१ आणि ३६ लिहा. थोडा वेग आपण होऊन सोडून द्यायचा हे अनेकांना पटत नाही. पण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा बाहेरच्या मॉडेमवर असली तर तिथे आपले काही चालत नाही. आपला राउटरच किंचित अरुंद केला की रांग त्याच्यात लागते, आणि मग कोणाला पुढे सोडायचे ते आपण ठरवतो. वेग न भरता नुसता अग्रक्रमाचा खटका दाबला, तर बहुतेक वेळा फरक पडत नाही तो यामुळेच.

तिसरी पायरी यंत्रे निवडण्याची. खेळण्याचे यंत्र आणि कॉलचा फोन, एवढ्यांनाच वरचा क्रम द्या. सगळ्यांना वर ठेवले तर कोणीच वर राहत नाही. राउटर प्रत्येक यंत्राला मॅक पत्त्याने ओळखतो. हल्लीचे फोन खासगीपणासाठी हा पत्ता बदलून दाखवतात, म्हणून फोनमध्ये फक्त घरच्या वायफायपुरती ती सोय बंद ठेवा. राउटरमध्ये 'एसक्यूएम' असेल तर यंत्रे निवडण्याचीही गरज नाही. तो प्रत्येक प्रवाहाला पाळीपाळीने सोडतो आणि लहान निरोपांना आपोआप वाट देतो. केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये यातले काहीच नसेल, तर त्याच्यामागे आपला राउटर लावता येतो. त्यासाठी जुने यंत्र 'ब्रिज मोड'मध्ये टाकून द्यायला केबलवाल्याला सांगावे.

आणि हे सगळे जमणार नसेल तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. फोनच्या बॅकअप ॲपमध्ये जाऊन संध्याकाळपुरता बॅकअप थांबवा आणि झोपताना फोन चार्जिंगला लावल्यावर सुरू करा. गेमचे आणि टीव्हीचे मोठे अपडेट रात्रीवर ढकला. अर्धे दुखणे इथेच कमी होते.

आता आमच्या भगिनींचा खरा प्रश्न: वडीलधाऱ्यांना मागे ठेवून पोराच्या खेळाला पुढे का सोडायचे? तसे इथे होत नाही. वाण्याच्या दुकानात महिन्याची यादी घेऊन आलेला माणूस, फक्त काडेपेटी मागणाऱ्याला म्हणतो, "तुम्ही आधी घ्या." यादीवाल्याचे काही बिघडत नाही, काडेपेटीवाल्याचा अर्धा तास वाचतो. गेम, अब्बांचा कॉल आणि आपाचा ऑनलाइन क्लास हे तिघेही काडेपेटीवाले आहेत. त्यांचे आपसात भांडण नाहीच. मागे थांबायचे आहे ते बॅकअपने, अपडेटने आणि टीव्हीने, आणि त्यांना ते जाणवतही नाही. मुलावर वर्षभर जो आरोप होत होता की "तुझ्या गेममुळे अब्बांचा आवाज तुटतो", तो बहुतेक घरांत खरा नव्हता. गुन्हा बॅकअपचा आणि बोलणी पोराला. हे त्याला एकदा तोंडावर सांगायला हवे.

मात्र अग्रक्रम दिला म्हणजे मोकळीक दिली असे नाही. राउटर निरोपाचा आकार पाहतो, खेळ चांगला की वाईट ते पाहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमना बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे. मूल काय खेळते, त्यात पैसा गुंतला आहे का, हे शेजारी बसून आपल्यालाच पाहावे लागेल. वेळेची मर्यादाही बहुतेक राउटरमध्ये त्याच पानाच्या आसपास मिळते.

म्हणून आमचे सांगणे असे की हे काम अम्मीने एकटीने करू नये आणि मुलाने लपूनही करू नये. मुलाने हात चालवावा, अम्मीने शेजारी बसून प्रत्येक खटक्याचा अर्थ विचारावा. छापील पासवर्ड बदलून नवा वहीत लिहावा, आणि वही अम्मीकडे राहावी. दहावीचा मुलगा ४ मेगाबिट भागिले १० चा हिशेब घरच्या अडचणीवर करतो, तेव्हा तो पुस्तकातल्यापेक्षा पक्का बसतो, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

आठ दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी लेटन्सी पुन्हा मोजा आणि आधीच्या आकड्यांखाली लिहा. दुसरा आकडा खाली आला असेल तर मोठ्या प्लॅनची गरज नव्हती. नसेल आला, तर अडचण घराबाहेर आहे. मग तीच वही घेऊन केबलवाल्याकडे जा. तारीख, वेळ आणि आकडे समोर ठेवले की त्यालाही "प्लॅन वाढवा" एवढे सांगून सुटता येत नाही.