हमी कागदाची, राखण कोणाची?

‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे दोन शब्द आता इंग्रजी राहिलेले नाहीत. पेडण्याच्या बाजारात छत्री घेणारी आजीसुद्धा दुकानदाराला विचारते, “गॅरंटी किती वर्षांची?” मराठीत ज्याला आपण भरवसा म्हणतो, त्यालाच आपले कन्नड मित्र भरवसे म्हणतात. शब्द एकाच घरचा आहे. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ असा की, अडचणीच्या वेळी मी तुझ्या पाठीशी उभा आहे. मग प्रश्न असा पडतो की, वस्तूच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या छापील कागदात हा अर्थ कितीसा शिल्लक आहे? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या प्रश्नाचा विचार करू नये, तर मग तो कोणी करावा?

विषयाला तोंड फुटावे म्हणून जरा दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेत शिकारीच्या रायफलीवर बसवायच्या दुर्बिणींचा मोठा व्यापार चालतो. ही दुर्बीण वरून साधी नळी दिसते. पण आत भिंगांची रांग असते, नेम धरण्यासाठी फुली असते आणि ती फुली वरखाली व डावीउजवीकडे सरकवणारी बारीक यंत्रणा असते. प्रत्येक बाराबरोबर रायफल मागे झटका देते आणि तो झटका दुर्बिणीलाही सोसावा लागतो. शेकडो बार झाल्यावरही फुली जागची हलली नाही, तर ती दुर्बीण खरी. तिचा दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. आत ओल शिरली की भिंगे धुकटतात. म्हणून नळीतील हवा काढून तिथे नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरतात आणि सांधे रबरी कड्यांनी बंद करतात. ऑरेगन राज्यातील ल्युपोल्ड कंपनीने १९४७ साली अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. त्यामागची हकीकत अशी सांगतात की, मार्कस ल्युपोल्ड यांची दुर्बीण ऐन वेळी धुकटली, हरीण निसटले आणि यापेक्षा चांगली दुर्बीण आपणच करू असे त्यांनी ठरवले.

आज ल्युपोल्ड, व्होर्टेक्स यांसारख्या कंपन्या आपल्या दुर्बिणींना आयुष्यभराची हमी देतात. पावती मागत नाहीत. दुर्बीण एकाने दुसऱ्याला विकली, तरी हमी वस्तूबरोबर नव्या मालकाकडे जाते. दुरुस्त होत नसेल तर बदलून देतात. हे औदार्य नव्हे, हा हिशेब आहे. वस्तूची किंमत भरपूर, बिघाडाचे प्रमाण कमी राखलेले आणि दुरुस्तीचा कारखाना स्वतःच्या देशात. शिवाय हमीवर विश्वासलेला ग्राहक दुसऱ्या वेळी दुसरीकडे जात नाही. मात्र, ही हमी त्या देशाच्या टपालावर उभी आहे, हे विसरू नये. समुद्र ओलांडला, निर्यातीचे परवाने आणि जकात आडवी आली, की तीच हमी किती पातळ होते, याची कल्पना कोणालाही करता येईल.

कोणी म्हणेल, धारगळच्या शेतकऱ्याचा या दुर्बिणीशी काय संबंध? थेट संबंध काहीच नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद केली. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ती पुरेशी नसेल, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील आणि आपल्या बेळगावकडे खानापूर तालुक्यातील पुष्कळ घरांत अशी एखादी बंदूक भिंतीला टांगलेली असते. तिला दुर्बीण लागत नाही. तिचे काम मुख्यतः आवाज करून जनावर पळवणे हे आहे. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. शिवाय निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. डुकराला काही आचारसंहिता लागू होत नाही!

म्हणून गेल्या काही वर्षांत राखणीची जागा नव्या साधनाने घेतली आहे. त्याला आपल्याकडे ‘झटका मशीन’ म्हणतात. सूर्यप्रकाशावर बॅटरी भरते आणि यंत्र कुंपणाच्या तारेतून साधारण सेकंदाला एक असा क्षणिक झटका सोडते. दाब काही हजार व्होल्टचा असतो, पण तो सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता. त्यामुळे जनावर दचकते, मरत नाही. घरातील वीज तारेत थेट सोडणे हा याउलट गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावतात. झटका यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शिकाऱ्याच्या दुर्बिणीला जसा बाराचा झटका आणि ओल सोसावी लागते, तशी या यंत्राला वीज, पाऊस आणि मुंग्या सोसाव्या लागतात. भरवशाची कसोटी दोघांची एकच आहे. मात्र फरक मोठा आहे. तिथे वस्तू बिघडली तर एका हौशी माणसाचे हरीण चुकते. इथे बिघडली तर एका घराचे वर्षाचे भात जाते.

हे संकट काल्पनिक नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा हत्ती तळकोकणातून पेडणे तालुक्यात उतरला आणि तांबोसे, उगवे भागातील शेतकऱ्यांची झोप उडाली. हत्तीची बातमी वर्तमानपत्रात येते. रानडुक्कर, माकडे आणि गोव्याचा राज्यप्राणी गवा यांची बातमी येत नाही, कारण ती रोजचीच आहे.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. तीन वर्षांपूर्वी काकांनी असे यंत्र घेतले. हमी एक वर्षाची होती. सातव्या महिन्यात, ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसात, ते बंद पडले. भात तेव्हा पोटरीतून बाहेर पडून भरत आले होते. विक्रेता प्रथम म्हणाला की, वीज पडून झालेला बिघाड हमीत बसत नाही. पुष्कळ बोलणी झाल्यावर त्याने ते परराज्यातील दुरुस्ती केंद्राकडे पाठवले. सहा आठवड्यांनी यंत्र दुरुस्त होऊन परत आले. एक पैसाही पडला नाही. पण तोवर कापणी संपली होती. म्हणजे डुकरांनी जे ठेवले होते तेवढे कापून झाले होते. काका त्या दिवसांत रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवीत होते.

आता गंमत पाहा. कागदाप्रमाणे कंपनीने आपला शब्द पाळला. यंत्र फुकट दुरुस्त करून दिले. तिच्यावर शब्द मोडल्याचा आरोप आपण करू शकत नाही. दोष शब्दातच आहे. ‘दुरुस्त करून देऊ’ एवढेच त्या कागदावर छापलेले आहे. ‘केव्हा’ हे छापलेले नाही. शेतीच्या साधनाच्या बाबतीत ‘केव्हा’ हाच खरा प्रश्न असतो. पंखा सहा आठवडे बंद राहिला तर घाम येतो. झटका यंत्र सहा आठवडे बंद राहिले तर हंगाम जातो.

आमच्या अभ्यासक्रमात १९३० चा मालविक्री कायदा आहे. परीक्षेपुरती आपण त्याची कलमे पाठ करतो. कलम १२ म्हणते, करारातील ‘अट’ वेगळी आणि ‘हमी’ वेगळी. अट हा कराराचा गाभा असतो. ती मोडली तर ग्राहकाला माल नाकारता येतो. हमी ही त्या गाभ्याला जोडलेली गौण गोष्ट. ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. कलम १६ म्हणते, ग्राहकाने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे. आता विचार करा. पावसाळी मुलखात, उघड्या मळ्यात वापरण्यासाठी म्हणून विकलेले यंत्र तिथल्या पहिल्याच गडगडाटात बंद पडते, तर प्रश्न गौण हमीचा आहे की मूळ अटीचा? माझ्या मते तो अटीचा आहे. पण हातात वर्षाचा कागद ठेवून आपले सगळे लक्ष त्या कागदावरच खिळवले जाते. हमीपत्र हे पुष्कळदा ग्राहकाचे हक्क वाढवण्यासाठी नसून त्यांना कुंपण घालण्यासाठी असते.

हिशेबाच्या बाजूनेही पाहू. हमी देणारी कंपनी विक्रीच्या वर्षातच पुढील दुरुस्तीचा अंदाज करून तरतूद करते. लेखामानक २९ मध्ये हे आपण शिकलो आहोत. म्हणजे दुरुस्तीचा खर्च किमतीतून आधीच वसूल झालेला असतो. ‘फुकट दुरुस्ती’ हा शब्दच चुकीचा आहे. ग्राहकाने तिचे पैसे पहिल्या दिवशीच मोजले आहेत. मग त्या पैशांतून दुरुस्ती केंद्र कुठे उभे करायचे, हे ठरवताना पेडण्याचा शेतकरी मोजला जातो काय?

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. म्हापशाचा वा डिचोलीचा लहान दुकानदार थोड्या कमिशनवर माल विकतो. यंत्र उघडण्याचा त्याला अधिकार नसतो आणि सुटे भाग त्याच्याकडे येत नाहीत. आमच्या शेतकऱ्यांचेही चुकते. तारेला लागलेले गवत कापत नाहीत, अर्थिंगची सळई कोरड्या जागी ठोकतात आणि मग झटका बसत नाही म्हणून यंत्राला नावे ठेवतात. हे सर्व मान्य. परंतु गवत न कापल्याने झटका कमी होतो, विजेने यंत्र जळते ते गवतामुळे नव्हे. या मुलखात ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विजा होतात, हे कंपनीला माल विकण्यापूर्वी कळायला हवे.

तर मग करावे काय? माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली ही की, शेतीच्या साधनांची हमी हंगामावर असावी. पीक उभे असताना यंत्र बिघडले, तर तीन दिवसांत दुसरे यंत्र तात्पुरते मिळावे आणि बिघडलेले सावकाश दुरुस्त व्हावे. दुसरी, सरकारी कृषी खाते कुंपणासाठी अनुदान देते, तेव्हा ते स्वतः मोठा ग्राहकच असते. जिल्ह्यात दुरुस्तीची सोय असलेल्या कंपनीचाच माल अनुदानास पात्र, एवढी एक अट घातली तरी चित्र बदलेल. तिसरी, विजेपासून बचावाचे साधन यंत्राबरोबरच दिले जावे, वेगळे विकू नये. चौथी, हमीपत्र मराठीत, कोकणीत, कन्नडात असावे. जो कागद वाचता येत नाही, त्यावर भरवसा कसा ठेवणार?

या मागण्या हवेतल्या नाहीत. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात मान्य केले. १९१५ या क्रमांकावर मदत मिळते. दार उघडे आहे, पण तिथवर जाणारा माणूस दिसत नाही.

इथेच आपले, म्हणजे विद्यार्थ्यांचे, काम येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ता झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. त्याबरोबर एक दिवस गावातल्या घरांतून फिरून हमीपत्रे वाचून दाखवली, पावत्या जपून ठेवायला सांगितले, बिघाडाची तारीख लिहून घेतली आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दोन पानांचा तक्रार अर्ज लिहून दिला, तर मालविक्री कायद्याचे कलम १६ पुस्तकातून मळ्यात उतरेल. कलमे पाठ करून आपल्याला गुण मिळतात. ती वापरून कोणाचे तरी भात वाचेल.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष (धारगळ, पेडणे)