हजार विड्यांचा दिवस

किमान वेतन वाढवण्याचा विषय निघाला की एक उत्तर तयारच असते : मजुरी वाढवाल तर मालक यंत्र आणील, आणि मग मजुरीही जाईल व मजूरही. हे सांगणाऱ्याचा सूर बहुधा हितचिंतकाचा असतो. आम्हांला हा युक्तिवाद गोंदियाच्या पट्ट्यात, शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावांच्या परिसरात, तपासून पाहावासा वाटतो. कारण इथे धान आणि विडी हे दोन धंदे शेजारी वाढले आणि यंत्राच्या बाबतीत दोघांचे नशीब अगदी निराळे निघाले.

धानात यंत्र आले. राइस मिलमध्ये खडे आणि काळे दाणे निवडणाऱ्या हातांच्या जागी सॉर्टेक्स बसले, कापणीला हार्वेस्टर येऊ लागले. शेतकरी म्हणतो, हंगामात माणसे मिळत नाहीत. खरे आहे. पण ती का मिळत नाहीत? गावातल्या मजुरीत वर्ष निघत नाही म्हणून तरुण नागपूर-हैदराबादची वाट धरतात. म्हणजे इथे यंत्राला आमंत्रण दिले ते चढ्या मजुरीने नव्हे, पडत्या मजुरीने.

विडीत उलट झाले. यंत्राने केलेल्या विडीवर अबकारी कर अधिक, हातविडीवर कमी, अशी तजवीज सरकारने अनेक वर्षे ठेवली. हेतू हात वाचवण्याचा होता. हात वाचले, हातांची किंमत मात्र वाचली नाही. करातली सवलत मालाला मिळाली, आणि माल तर मालकाचा.

इथली मजुरी दिवसावर नाही, हजारावर आहे. हजार विड्यांचा दर कागदावर ठरतो. हजार विड्या किती तासांत होतात हे कोणी विचारत नाही. पान भिजवणे, कात्रीने कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, कट्टे लावणे, मग माल पोचवून आपली पाळी येईपर्यंत बसणे : यांतले वळणे तेवढे काम, बाकीचे ‘घरबसल्या’. मिळालेले पान फाटके निघाले तर तूट बाईने भरायची, आणि छाटात गेलेल्या विड्यांची मजुरी नाही. पुष्कळ बायांचा दिवस हजारापर्यंत पोचतच नाही. पोचतो तेव्हा त्यात घरातल्या मुलीचे हातही असतात. मशीनची गती सांगणारा मालक सापडेल, पण या हातांची गती मोजून दर ठरवा म्हटले की सगळे गप्प.

आणि ही चलाखी जुनी आहे. भंडारा-गोंदिया मध्यप्रांत-वऱ्हाडात होते त्या काळात, 1948 साली, प्रांताने एक कायदा केला : विडीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, सबब शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडीचे काम बंद ठेवता येईल. शेतमजुरी वाढवावी म्हणजे माणसे आपोआप येतील, हा साधा उपाय त्यात नव्हता. सागर जिल्ह्यातून आलेल्या चिंतामणराव खटल्यात 1950 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. शेतावर जाऊच न शकणाऱ्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांवरही बंदी कशी, असे न्यायालयाने विचारले. पुढे 1958 च्या त्याच नावाच्या दुसऱ्या खटल्यात सट्टेदार हा कारखान्याचा कामगार नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार ठरला. मग त्याच्या हाताखालचे मजूर तरी कारखान्याचे कसे ठरणार? 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरच्या कामालाही काम म्हटले आणि 1974 मध्ये न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. एका बाईला ‘कामगार’ हा शब्द मिळायला स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे लागली. शब्दार्थाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा इतिहास वर्गात का शिकवू नये, हे आम्हांला कळत नाही.

आकड्यांकडे पाहू. केंद्राचे तळवेतन 2017 पासून दिवसाला 176 रुपये होते. 2019 साली सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने आहार, कपडा, घर यांचा हिशेब मांडून 375 सुचवले. सरकारने 178 केले. दोन रुपये! 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये होता, आणि ते काम सरकारी भाषेत ‘अकुशल’. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, तळवेतनाला आता कायद्याचा आधार आहे. पण हजारामागचा दर तासांशी जोडला नाही तर तो आधार विडीवालीपर्यंत पोचणार नाही.

मालकाला परवडत नाही, हे उत्तर न्यायालयाने 1961 मध्येच अमान्य केले होते. 1982 च्या एशियाड खटल्यात तर किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे वेठ, असे स्पष्ट म्हटले आहे. विडी आरोग्याला घातक, हा धंदा बुडालेलाच बरा, असे आमचे काही मित्र म्हणतात. बुडो. पण तंबाखूची धूळ आजवर ज्यांच्या छातीत गेली त्यांची मजुरी त्या बुडण्याच्या हिशेबात कोण धरणार?

तोवर मागणी एवढीच : साध्या गतीच्या बाईला आठ तासांत, पान भिजवण्यापासून माल पोचवण्यापर्यंत धरून, किती विड्या होतात ते तिच्या दारात बसून मोजा, दिवसाच्या किमान वेतनाला त्या संख्येने भागा, आणि छाटाचा निवाडा सट्टेदाराच्या एकट्याच्या हाती ठेवू नका.