रक्ताच्या नोंदी कोणाच्या?

रहस्यकथा ही फावल्या वेळी वाचून विसरून जाण्याची वस्तू आहे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात आजही घट्ट रुजलेला आहे. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके वाचनालयांतून पाने झिजेपर्यंत वाचली गेली. परंतु साहित्यविषयक गंभीर चर्चेत या प्रकाराला उंबरठ्याच्या आत क्वचितच घेतले गेले. या समजाचा फेरविचार करावयास लावणारी एक कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखिका सारा पॅरेत्स्की यांची ‘ब्लड शॉट’. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये ती ‘टॉक्सिक शॉक’ या नावाने निघाली आणि तेथील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचा ‘सिल्व्हर डॅगर’ पुरस्कार तिला त्याच वर्षी मिळाला. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याविषयी लिहिलेच आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ती वाचावी, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

गुप्तहेराला ‘भूतकाळ’ असणे ही अलीकडे एक रूढीच होऊन बसली आहे. मोडलेला संसार, मद्याचे व्यसन, बालपणीचा एखादा आघात एवढी सामग्री जमविली की पात्राला खोली आली, असे मानण्यात येते. हा भूतकाळ बहुधा अलंकारासारखा असतो. तो काढून टाकला तरी कथानकाचे काही अडत नाही. पॅरेत्स्की यांची नायिका व्ही. आय. वॉर्शॉस्की हिची गोष्ट वेगळी आहे. शिकागोच्या दक्षिण टोकाला, पोलाद कारखान्यांच्या धुरात ती वाढली. बाप पोलीस, आई इटलीतून आलेली निर्वासित गायिका. शिक्षणाच्या बळावर ती त्या वस्तीतून बाहेर पडली, वकील झाली, पुढे खासगी गुप्तहेर झाली. शाळेच्या जुन्या बास्केटबॉल संघाच्या निमित्ताने ती वस्तीत परतते, तेव्हा शेजारची कॅरोलाइन तिला गाठते. आई लुइझा मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाच्या दारी आहे. तिने आपल्या मुलीला बापाचे नाव कधीच सांगितलेले नाही. ते नाव शोधून दे, एवढीच कॅरोलाइनची मागणी.

ही मागणी नाकारणे नायिकेला सोपे नाही. लुइझा कुमारी माता झाली तेव्हा तिच्या धर्मनिष्ठ आईबापांनी तिला घराबाहेर काढले होते आणि शेजारच्या सोवळ्या बायकांनी तिला जगणे नकोसे केले होते. त्या वेळी तिच्या पाठीशी उभी राहिली ती नायिकेची आई. त्या आईच्या मागे कॅरोलाइनची जबाबदारी, मनात असो वा नसो, मुलीकडे चालत आलेली आहे. म्हणजे येथे भूतकाळ ही स्मरणरंजनाची बाब नसून ते एक फेडावयाचे ऋण आहे.

बापाचा शोध सुरू होतो आणि वाट जाते ती लुइझा जेथे राबली त्या रसायनांच्या कारखान्यात. तेथे दुसरेच रहस्य हाती लागते. द्रावकाच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांच्या रक्ताची तपासणी कंपनीचा डॉक्टर वर्षानुवर्षे करीत होता. नोंदी होत होत्या, वह्या भरत होत्या. शरीरे पोखरली जात आहेत हे व्यवस्थापनाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त ज्यांचे रक्त काढले जात होते त्यांना.

येथे कादंबरीचे मर्म आहे. एका स्त्रीवर झालेला अन्याय कुटुंबाने ‘अब्रू’च्या नावाखाली दडपला, तर एका कारखान्यातील रोग कंपनीने नफ्यापायी दडपला. दोन्ही ठिकाणी ज्याच्या देहाला इजा झाली त्यालाच गप्प बसविण्यात आले आणि ज्यांनी इजा केली ते प्रतिष्ठितांत वावरत राहिले. दोन्ही शोधांच्या वाटा शेवटी त्याच मोजक्या उंबरठ्यांशी येऊन थांबतात. कोणाच्या, ते सांगून वाचकाचा रसभंग करण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राचा संबंध येथेच येतो. ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले, की काम जितके कष्टाचे वा किळसवाणे, तितकी त्याची मजुरी अधिक असावयास हवी. पुढच्या पंडितांनी या विचारातून धोक्याच्या मोबदल्याचा सिद्धांत उभा केला. जोखमीचे काम करणारा कामगार जोखमीची किंमत मजुरीतच वसूल करून घेतो, सबब सरकारने मध्ये पडण्याचे कारण नाही, असा निष्कर्षही त्यातून काढण्यात आला. वर्गात हा सिद्धांत फळ्यावर मोठा नीटनेटका दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. कामगाराला धोका ठाऊक असला पाहिजे. ज्याच्या रक्ताचा अहवाल मालकाच्या कपाटात कुलूपबंद आहे, तो कशाची किंमत मागणार? त्याने केलेला करार हा करारच नव्हे. बाजाराच्या न्यायावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी तर माहिती दडपणाऱ्याविरुद्ध सर्वांत आधी उभे राहावयास हवे.

ही केवळ कल्पनेची भरारी आहे, असे म्हणून सुटका होणार नाही. ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातील एका बड्या कंपनीच्या डॉक्टरने १९४९ सालीच असा सल्ला लिहून ठेवला होता, की क्ष-किरण चित्रात फुप्फुसाच्या रोगाची चिन्हे दिसली तरी कामगार धडधाकट आहे तोवर त्याला ते सांगू नये. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क अमेरिकेतील कामगाराला सरकारी नियमाने मिळाला तो १९८० साली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दक्षिण शिकागोतील ‘विस्कॉन्सिन स्टील’ हा कारखाना अचानक बंद पडला आणि ३,००० हून अधिक कामगार रस्त्यावर आले. शेजारचा ‘साउथ वर्क्स’ हा प्रचंड कारखाना १९९२ साली कायमचा थंडावला. पॅरेत्स्की इतिहासाच्या डॉक्टर आहेत, व्यवस्थापनशास्त्राच्याही पदवीधर आहेत आणि विमा कंपनीत त्यांनी नोकरी केलेली आहे. कागदपत्रांत गुन्हा कसा लपतो हे त्यांना ठाऊक आहे, ते यामुळेच.

आक्षेपालाही जागा आहे. रहस्यकथेला खुनी लागतो आणि रोगाला खुनी नसतो. त्याला असतात समित्या, टिपणे, अंदाजपत्रके. म्हणून लेखिकेला मध्ये एक सरळसरळ खून घडवावा लागला आहे. खलपुरुष हाती लागला की वाचक निःश्वास टाकतो, आणि व्यवस्थेचा दोष चार दुष्ट माणसांच्या माथी मारून मोकळा होतो. हा धोका खराच. परंतु या कादंबरीत उलगडा झाल्याने लुइझाची मूत्रपिंडे बरी होत नाहीत, वस्तीतील बंद कारखान्यांची भोंगे पुन्हा वाजत नाहीत. गुन्हेगार सापडला तरी नुकसान भरून येत नाही, हे कटू सत्य लेखिकेने झाकलेले नाही.

आपल्याकडील वाचकाला हे सारे परके वाटू नये. कापसाच्या तंतूंनी छाती भरून आलेले कामगार गिरणगावाने पाहिले आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचा हिशेब आपण बुडालेल्या रोजगारात मांडतो. झिजलेल्या फुप्फुसांचा हिशेब त्यात सहसा येत नाही. १९८४ च्या भोपाळनंतर सरकारला जाग आली. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी त्यांना पाहावयास मिळणे ही मालकाची जबाबदारी ठरली. २०२० साली संसदेने या विषयावरील अनेक कायदे एकत्र करणारी संहिता संमत केली. कायद्यांची नावे बदलतात, प्रश्न तोच उरतो. ज्या कंत्राटी कामगाराचे नाव आज एका ठेकेदाराकडे आणि उद्या दुसऱ्याकडे असते, त्याच्या रक्ताची नोंद कोण ठेवणार आणि वीस वर्षांनी ती कोणाकडे मागावयाची?

गिरणगावातून शिकून बाहेर पडलेली एक संपूर्ण पिढी आज वकिलीत, बँकांत, प्राध्यापकीत स्थिरावलेली आहे. या पिढीने चाळींच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या, आणि त्यातील जिव्हाळा खोटा नाही. पण ज्या कारखान्यांच्या मजुरीवर आपले शिक्षण झाले, त्यांच्या दप्तरात वडिलांच्या प्रकृतीविषयी काय लिहिलेले होते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला? वॉर्शॉस्की आपल्या भूतकाळाला सामोरी जाते ती डोळे पुसण्यासाठी नव्हे, वह्या उघडण्यासाठी. कामगाराच्या रक्तावर मालकी कामगाराची असेल, तर त्या रक्ताच्या नोंदींवरही त्याचीच असली पाहिजे. एवढी साधी गोष्ट समाजाच्या गळी उतरविण्याचे काम एखादी रहस्यकथा करीत असेल, तर तिला साहित्याच्या दाराबाहेर ताटकळत ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.