प्रकाशन 'उरकायचं' कसं?

परवा पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, अण्णांच्या वह्या छापून घेऊया. शंभर प्रती काढू. गणपतीत सगळे रत्नागिरीला जमतील, तेव्हाच प्रकाशन उरकू." (अण्णा म्हणजे माझे वडील.) बेत उत्तम, पण 'उरकू' हा शब्द कानाला खटकला. जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, खोड जात नाही!

आता बघा, संस्कृतात 'काश्' म्हणजे चमकणं, दिसू लागणं. त्याला 'प्र' लागून प्रकाश झाला. प्रकाशन म्हणजे उजेडात आणणं. इंग्रजी 'पब्लिश' लॅटिनमधल्या 'पब्लिकारे'पासून आला. त्याचा अर्थ सार्वजनिक करणं, लोकांचं करणं. मुद्रण हा शब्द निराळा, तो मुद्रेवरून म्हणजे ठशावरून आला. छापणं वेगळं आणि प्रकाशन वेगळं, ते असं.

आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं. १९१४ त ते सुटले, हस्तलिखित सरकारकडून परत मिळालं आणि १९१५ त ग्रंथ बाहेर आला. तोवर तो लिहिलेला होता, पण लोकांच्या दृष्टीने नव्हताच! आणि पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला पत्र काढलं, त्याचं नाव 'दर्पण'. आरसा उजेडातच दाखवतो, आणि आपलंही तोंड दाखवतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की अण्णांच्या तिसऱ्या वहीत घराच्या वाटणीची हकीकत आहे. धाकट्या काकांबद्दल त्यांनी फार कडक लिहिलंय. काका आज उत्तर द्यायला नाहीत. ती वही पेटीत होती तोवर तो अण्णांचा राग होता. शंभर घरांत गेली की तोच काकांचा इतिहास होईल.

माझं मत स्पष्ट आहे. ती पानं आधी काकांच्या मुलांना वाचायला द्यावीत. त्यांना आपली बाजू लिहायची असेल तर ती शेजारीच छापावी. त्यांनी नको म्हटलं तर ती पानं गाळावीत. अण्णांना हे आवडलं असतं का? बहुधा नाही. पण उजेड एकाच बाजूने पाडला की दुसऱ्या बाजूला सावली पडतेच.

असो. या गणपतीत नाही जमलं तर पुढच्या गणपतीत करू. घरच्या मंडळींनो, तुमचं मत कळवा. रागावलात तरी कळवा!